वाघोटण खाडीच्या तांडेलकाकांना कोल्हापूरहून

ती. तांडेलकाका,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून सगळी होडी ज्या नावानं हाक मारते त्याच नावानं हे पत्र. ते उघड लिहिण्याचं कारण एवढंच की गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात गळ टाकायला येणारी मंडळी आता वाढली आहेत. तुम्ही आम्हाला जे शिकवलं ते त्यांच्याही हाती पडावं.

पंचगंगेवर किंवा राधानगरीच्या पाण्यावर गळ टाकणाऱ्याला जागेची सवय असते. एक डोह हेरायचा, कणकेचा गोळा किंवा गांडूळ लावायचं, बूच तरंगत ठेवायचं आणि बसून राहायचं. तीच सवय खाडीवर आणली तर दिवस वाया जातो. ‘इथं जागा नाही, वेळ धरायची,’ हे तुमचं पहिलं वाक्य. बाकी सगळं शिक्षण त्यातूनच निघालं.

आधी तिथीचं गणित. तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल ती भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीन. अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर वद्य प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा एकपासून. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी पूर्ण होते, आणि दुसऱ्या दिवशी सगळं सुमारे ५० मिनिटं पुढं सरकतं. मुंबईचं कोष्टक बघून निघालेला माणूस तुमच्याकडे उशिरा पोचतो, कारण भरती दक्षिणेकडं आधी लागते. उलट खाडीच्या मुखापाशी भरती पूर्ण झाली तरी आत खारेपाटणच्या बाजूला पाणी अजून चढतच असतं. जितकं आत जावं तितका उशीर. म्हणून गणित केल्यावर धक्क्याच्या दगडावरची ओली रेघ बघायची: ती पाण्याच्या वर दिसली तर ओहोटी लागली. हा ताळा तुम्ही दाखवला नसता तर आम्ही मोबाइलकडंच बघत राहिलो असतो.

दुसरी गोष्ट कोल्हापूरकरांनी तर पाठच करावी. गगनबावड्याच्या माथ्यावर पूर्वेला पडलेलं पाणी कुंभीतून पंचगंगेला, तिथून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतं. पश्चिमेला पडलेलं करूळ-भुईबावड्याच्या दऱ्यांतून उतरून तुमच्या खाडीत येतं. तेव्हा घाटमाथ्यावर दोन दिवस जोराचा पाऊस झाला असेल तर खाडीत वरचा थर गोडा आणि गढूळ असणार, हे कोल्हापुरात बसूनच ओळखता येतं. गोडं पाणी हलकं, म्हणून वर तरंगतं, आणि खारं जड, म्हणून तळाशी पाचरीसारखं आत घुसतं. अशा दिवशी वरच्या थरात लुअर (गरी लावलेलं खोटं आमिष) ओढून हात दुखतात आणि मासा मात्र खाली खाऱ्यात असतो. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास) धार मंद असल्यामुळं हे थर वेगळे राहतात, उधाणाला (पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास) पाणी घुसळून एक होतं. उन्हाळ्यात वरून गोडं पाणी येणं जवळजवळ थांबतं आणि खारं पार आतपर्यंत चढतं. मग मासाही वर सरकतो. बोट बुडवून चव घ्यायची तुमची पद्धत आम्ही अजून पाळतो, फक्त घोट गिळत नाही.

वेळेबद्दल तुमचा नेम असा: ओहोटीचे शेवटचे दोन तास आणि भरतीचा पहिला तास. कारण साधं आहे. भरतीत कोळंबी आणि बोयटांची पिल्लं कांदळवनात शिरतात. पाणी उतरायला लागलं की त्यांना ओहळांच्या तोंडातून बाहेर यावंच लागतं, आणि जिताडा (तुमचा चोणक) तिथंच तोंड धारेकडं करून उभा असतो. म्हणून लुअर धारेच्या वरच्या अंगाला तिरका टाकायचा आणि धारेबरोबर खाली येऊ द्यायचा. खालून वर ओढलेला लुअर माशाच्या शेपटीकडून येतो, आणि खाद्य असं पोहत येत नाही. तांबोशीचं उलट. ती भरतीबरोबर मुळांत आणि दगडांत शिरते, तेव्हा भरतीच्या दुसऱ्या भागात कांदळाच्या कडेला टाकायचं. पाणी थबकलं की दोन्ही मासे तोंड मिटतात. तेवढ्यात चहा.

सामानाची यादी आमच्याकडं जो मागतो त्याला आम्ही तुमचीच देतो. सात फुटी, मधल्यापेक्षा जरा कडक रॉड. ३००० किंवा ४००० मापाचं स्पिनिंग रील. दहा ते बारा किलो ताकदीचा ब्रेडेड (विणलेला) दोरा, आणि पुढं हातभर नव्हे, चांगला मीटरभर लीडर, म्हणजे टोकाला जोडायचा जाड नायलॉन, वीस किलोच्या आसपासचा. नदीवर लीडरशिवाय चालतं, इथं चालत नाही. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते, तोंड कानशीसारखं खरखरीत, आणि खाली दगडांना कालवं चिकटलेली. प्रत्येक माशानंतर लीडरवरून बोट फिरवायचं. खरखर लागली की शेवटची वीतभर कापून गाठ नव्यानं. हा कंटाळा केला की पुढचा मोठा मासा जातो, आणि दोष मात्र दोऱ्याला दिला जातो.

दोरा आणि लीडर जोडायची गाठ हा सगळ्यात जास्त चुकणारा भाग. ब्रेडेड दोरा गुळगुळीत, साध्या गाठीत तो नायलॉनवरून घसरतो. म्हणून एफजी गाठ: ब्रेडेड दोरा ताणून धरायचा, लीडर त्याच्यावर एकदा वरून, एकदा खालून असा आलटूनपालटून वीस वेळा फिरवायचा, दोन अर्ध्या गाठींनी धरायचं, पाण्यानं ओलं करून दोन्ही बाजूंनी जोरात ओढायचं. दोरा लीडरमध्ये रुतून त्या जागी रंग गडद झाला तरच गाठ बसली. नाही झाला तर सोडून पुन्हा. मग आणखी पाच-सहा अर्ध्या गाठी आणि लीडरचं टोक अगदी जवळून कापायचं, नाहीतर ते रॉडच्या कड्यांत अडकतं. होडीत, वाऱ्यात ही गाठ नीट होत नाही. घरूनच बांधून निघावं.

रीलचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरा हळूहळू सुटू देणारा ब्रेक, अंदाजानं आवळू नये. दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे दहा किलोच्या दोऱ्याला अडीच-तीन किलो. साध्या लटकत्या वजनकाट्याला दोरा बांधून ओढलं की कळतं. ब्रेडेड दोरा ताणला तरी लांबत नाही, त्यामुळं ड्रॅग जास्त आवळला तर पहिल्याच झटक्याला गरी सरळ होते किंवा ओठ फाटतो.

जिगहेडचं (शिसाचं डोकं असलेल्या गरीचं) वजन पाण्यावर ठरवायचं. मंद धारेत दहा ग्रॅम, जोराच्या धारेत वीस-पंचवीस. तळ लागला पाहिजे, पण तिथं बसून राहता कामा नये. लागला की रॉड दोनदा उचलायचा आणि पडू द्यायचं. चावा पडतानाच येतो, म्हणून पडताना दोरा ढिला सोडायचा नाही. नवखे नेमके इथंच चुकतात.

जिवंत कोळंबी लावायची तर शेपटीच्या दुसऱ्या मण्यातून, किंवा डोक्यावरच्या करवतीखालून, आत दिसणारा काळा ठिपका चुकवून. ठिपक्याला गरी लागली की कोळंबी मेली. बादलीत हवेचा पंप हवाच. पाणी थोडं थोडं बदलत राहायचं आणि तेही जिथं कोळंबी धरली तिथल्यासारखंच खारं. मुखापाशी घेतलेली कोळंबी एकदम वरच्या गोड्या पाण्यात टाकली की मरगळते. गोल गरी वापरत असाल तर नदीवरचा झटका विसरायचा. बूच बुडालं की हिसका, ही आमच्या हाताची जुनी खोड. गोल गरीला हिसका दिला की ती तोंडातून तशीच बाहेर येते. नुसता दोरा ताणून रील फिरवत राहिलं की ती आपोआप ओठाच्या कोपऱ्यात बसते.

शिंगाळ्याबद्दल वेगळं लिहायला हवं. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांना एकेक, असे तीन विषारी काटे. हातानं धरायचाच नाही. पकडीनं गरी सोडवायची. टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा, काट्याचा तुकडा आत राहिला किंवा सूज चढत गेली तर दवाखाना गाठायचा. बर्फ लावायचा मोह होतो, तो टाळायचा. वेदना उष्णतेनं उतरते. थर्मासमध्ये गरम पाणी ठेवा हे तुम्ही सांगितलंत तेव्हा ते चहासाठी असेल असं वाटलं होतं. आणि ओहोटीला गाळात उतरताना पाय उचलून टाकायचे नाहीत, घासत न्यायचे. पाकट असेल तर ते सरकतं, अंगावर पाय पडला तरच शेपटी मारतं. कालवांवर अनवाणी पाय तर कधीच नको.

परतल्यावरचं काम नदीवाल्यांना माहीतच नसतं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळं न धुतलेलं रील पेटीत बंद करून ठेवलं तरी आत गंजत राहतं. त्याच रात्री ड्रॅगची चकती आवळून रीलवर गोड्या पाण्याची हलकी धार सोडायची. जोराचा फवारा मारला तर मीठ आणखी आत, बेअरिंगपर्यंत जातं. मग पुसून ड्रॅग ढिला करायचा, दोऱ्याच्या छोट्या रोलरवर तेलाचा एक थेंब. स्पूल (दोरा गुंडाळलेली फिरकी) तासभर कोमट पाण्यात बुडवून ठेवायचा, कारण ब्रेडेड दोऱ्याच्या विणीत मीठ साठतं. रॉडची कडी आणि वापरलेले लुअरही धुवायचे. एक ओला लुअर डब्यात परत टाकला की शेजारच्या सगळ्या गऱ्यांना तांबेरा.

आता ज्याबद्दल सगळ्यात जास्त आभार मानायचे ते. मोठा जिताडा सोडून द्यायला तुम्ही शिकवलंत. हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे खाडीतल्या मोठ्या जिताड्या बहुतेक अंडी देणाऱ्या. पावसाळ्याच्या सुमारास त्या खाऱ्या मुखाकडं उतरतात, कारण अंड्यांना खारं पाणी लागतं, आणि पिल्लं भरतीबरोबर कांदळवनातल्या डबक्यांत येऊन वाढतात. एक मोठी मादी टोपलीत गेली की पुढची किती वर्षं गेली, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते. गळवाल्यांना ती लागू नाही, तरी त्या दोन महिन्यांत मुखापाशी गळ टाकायचा नाही हा तुमचा नियम आम्ही उचलला आहे. कांदळवनातल्या चिप्पीच्या फांदीत अडकलेला लुअर फांदी मोडून काढायचा नाही, होडी जवळ नेऊन सोडवायचा, हाही. २०२० साली पांढरी चिप्पी राज्याचा कांदळवृक्ष ठरली. तुम्ही तिला त्याच्या कितीतरी आधीपासून जपत आलात.

खायला ठेवायचा मासा लगेच मारून, कल्ले कापून रक्त काढून, किलोला किलो बर्फात. वितळलेल्या पाण्यात तो भिजत राहू नये म्हणून पेटीच्या तळाला जाळी. घाट चढून कोल्हापूर गाठेपर्यंत तो तुमच्या धक्क्यावर होता तसाच राहतो, आणि इथल्या तांबड्या मसाल्याला तो मानवतो, हे तुम्हाला एकदा इकडं येऊनच बघावं लागेल.

येत्या माघ वद्य पंचमीला निघतोय. पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे ओहोटी रात्री दहाच्या सुमाराला तळ गाठणार. होडी आठला सोडायची की साडेसातला, तेवढं कळवा. गुऱ्हाळं चालू आहेत. काकूंसाठी गुळाची ढेप बरोबर आणतो.

आपले,
कोल्हापूरचे गळवाले