वसतिगृहांत नुसत्या खाटा वाढवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशाचे दिवस आले की वसतिगृहांच्या बातम्या छापून येतात. कुठे नवी इमारत उभी राहते, कुठे जुन्या इमारतीवर मजला चढतो आणि प्रत्येक बातमीत खाटांचा आकडा ठळक असतो. मी या बातम्या बारकाईने वाचते, कारण विद्यापीठातल्या मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून मी १९ वर्षं काढली आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. खाटा वाढायलाच हव्यात. जागा मिळाली नाही म्हणून हातातला प्रवेश सोडून द्यावा लागलेल्या मुली माझ्या टेबलासमोर बसून रडल्या आहेत. पण खाटांच्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा छापला जावा असं मला फार दिवस वाटतं आहे: एका पॅसेजवर किती दारं उघडतात?

माझ्याकडे दोन इमारती होत्या. जुनी तीन मजली, तिला चार जिने. प्रत्येक जिन्याला प्रत्येक मजल्यावर सहाच खोल्या, खोलीत दोघी. जिन्याच्या वळणावर मोठी खिडकी आणि खिडकीखाली बसता येईल एवढा रुंद कट्टा. नव्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर एक सरळ लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना मिळून वीस खोल्या, म्हणजे चाळीस मुली. बाथरूम एका टोकाला. खोल्या मात्र नव्या इमारतीतल्याच चांगल्या. मोठ्या, उजेडाच्या, प्रत्येकीला स्वतंत्र कपाट. जुन्या इमारतीत दोघींत एक कपाट आणि पावसाळ्यात भिंतीला ओल.

अलॉटमेंटच्या दिवशी सगळ्यांना नवीच इमारत हवी असायची. पहिली सहामाही संपता संपता जुन्या इमारतीत बदलून मिळण्यासाठी अर्ज यायला लागायचे. कारणाच्या रकान्यात ‘आवाज होतो’, ‘अभ्यास होत नाही’, ‘बरं वाटत नाही’ असं काहीबाही. सुरुवातीची काही वर्षं मी हे अर्ज नखरे समजून परत पाठवले. एवढी चांगली खोली दिली तरी समाधान नाही, म्हणून दोघी-तिघींना बोललेसुद्धा. त्याचं मला आज वाईट वाटतं.

मला पहिल्यांदा शंका आली ती चपलांमुळे. रात्री साडेदहाला माझी फेरी असायची. जुन्या इमारतीत एखाद्या दाराबाहेर दोन जोड्यांऐवजी सात-आठ जोड्या पडलेल्या असायच्या, एकीची एकीत अडकलेली. दार अर्धवट उघडं, आत कुणी जर्नल पुरं करतंय, कुणी दुसरीच्या पलंगावर आडवी. नव्या इमारतीत प्रत्येक दाराबाहेर दोनच जोड्या असायच्या आणि आतून कडी. चाळीस मुली एका मजल्यावर राहत होत्या आणि पॅसेजमध्ये माझ्याच पावलांचा आवाज यायचा. दिवसा मात्र तिथे सतत वर्दळ. बाथरूमला जाणाऱ्या, येणाऱ्या, बादल्या आपटणाऱ्या, फोनवर बोलत फेऱ्या मारणाऱ्या. माणसं भरपूर असूनही कुणी कुणाशी बोलताना क्वचितच दिसायचं.

मग ती तापाची गोष्ट घडली. नव्या इमारतीत अगदी टोकाच्या खोलीत पहिल्या वर्षाची एक मुलगी होती. तिची रूममेट घरी गेलेली. ही दोन दिवस तापाने फणफणलेली, पाणी आणायलासुद्धा उठवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी झाडणाऱ्या मावशींच्या लक्षात आलं की दाराबाहेरची बादली दोन दिवस जागची हलली नाही. त्यांनी दार वाजवलं, मला बोलावलं, आणि आम्ही तिला दवाखान्यात नेलं. ती बरी झाली. संध्याकाळी मी त्या मजल्यावर दारोदार विचारत फिरले. निम्म्याहून जास्त मुलींना तिचं नावही ठाऊक नव्हतं. ‘ती शेवटच्या खोलीतली का?’ असं विचारत होत्या. या मुली काही दगडाच्या काळजाच्या नव्हत्या. तिला ताप आहे हे कळल्यावर ती रात्र त्यांनीच आळीपाळीने तिच्या उशाशी बसून काढली. त्यांना कळायला वाटच नव्हती. आणि हजेरीच्या वहीत दोन संध्याकाळी तिच्या नावापुढची जागा कोरी होती, ती माझ्याही नजरेतून सुटली होती. चाळीस नावांच्या पानावर एक कोरी जागा पटकन दिसत नाही.

हे सगळं मी मानसशास्त्र विभागातल्या एका सहकारी बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, यावर फार जुनं काम झालंय, मी तुम्हाला वाचायला देते. त्यांनी दिलेल्या कागदांतून मला जे कळलं ते वाचकांनाही सांगावंसं वाटतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने लग्न झालेल्या विद्यार्थ्यांसाठी, म्हणजे बहुतेक युद्धावरून परतलेल्यांसाठी, घरं बांधली. जसं घर रिकामं होईल तसं ते पुढच्याला द्यायचं, ओळखपाळख बघायची नाही. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तिथे कोणाचं कोणाशी जमलं याची पाहणी केली. ती १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. एकाच मजल्यावर लागून असलेल्या दारांत मैत्री जमण्याचं प्रमाण ४१ टक्के निघालं. एक दार मध्ये आलं की २२ टक्के. मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत फक्त १० टक्के. मजलाही काही फार लांब नव्हता, पाचच दारांचा! खालच्या मजल्यावर जिन्याशी राहणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर जास्त ओळखी होत्या, कारण येता-जाता गाठ पडायची. आमच्या टोकाच्या खोलीपासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा दारं होती, आणि बाथरूम दुसऱ्या टोकाला असल्याने त्या खोलीकडे कुणाचं कामच नसायचं.

दुसरं काम अँड्र्यू बाउम आणि स्टुअर्ट व्हॅलिन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचं, १९७० च्या दशकातलं. त्यांनी वसतिगृहांच्या दोन तऱ्हांची तुलना केली. एकीकडे लांब पॅसेज, त्यावर तीसहून जास्त विद्यार्थी आणि सगळ्यांत मिळून एक बाथरूम. दुसरीकडे चार ते सहा जणांचे छोटे गट, प्रत्येक गटाला स्वतःची बैठक आणि बाथरूम. माणशी जागा दोन्हीकडे जवळपास सारखीच. तरी लांब पॅसेजवाल्यांना गर्दी जास्त जाणवायची आणि ते लोकांना टाळायला लागायचे. हे टाळणं वसतिगृहाबाहेरही त्यांच्यासोबत जायचं. अनोळखी माणसाबरोबर एका खोलीत थांबायला सांगितलं तर ते लांब बसत, त्याच्याकडे कमी बघत. त्यात दोष मुलांच्या स्वभावाचा नव्हता. दिवसभर नको असताना, नको त्या वेळी, ज्याच्याशी नीट ओळख नाही अशा माणसाच्या समोर यावं लागलं की कुणीही कडी लावून घेतं. माझ्या मुलींच्या अर्जातलं ‘बरं वाटत नाही’ मला तेव्हा कुठे समजलं.

एक गैरसमज होऊ नये. प्रत्येक मुलीने सतत घोळक्यात असावं असं मी म्हणत नाही. एकटीला राहायला आवडणाऱ्या मुली असतात आणि त्यांना निवांतपणा मिळायला हवा. जुन्या इमारतीत अशा मुलीही जास्त सुखी होत्या, असं मी पाहिलं आहे. बाराजणींना एकमेकींचं वेळापत्रक पाठ असतं. अमकीची उद्या परीक्षा आहे, तमकीला एकटं राहायचंय, हे न सांगता कळतं. चाळीसजणींत ते शक्य नसतं. ‘हल्ली मुलं मोबाइलमध्येच असतात, त्यांना कट्टा कशाला’ असंही मला बैठकीत ऐकवलं गेलं. मोबाइल दोन्ही इमारतींत होते. जुन्या इमारतीतल्या मुली मोबाइल घेऊन कट्ट्यावर येऊन बसायच्या. कुणी रडवेली दिसली तर शेजारची मान वर करून बघायची.

त्याच कागदांत तिसरं एक काम होतं, १९८० चं. बाउम आणि त्यांच्या सहकाऱ्याने साधारण चाळीस जणांच्या एका लांब पॅसेजमधल्या मधल्या तीन खोल्या काढून तिथे बसायची जागा केली आणि मध्ये दारं बसवली. एका पॅसेजचे वीस-वीस जणांचे दोन भाग झाले. गर्दीची तक्रार कमी झाली, मुलांची एकमेकांशी ओळख वाढली. हे वाचलं त्या रात्री मी आमच्या इमारतीचा नकाशा काढून बसले. आमचाही पॅसेज चाळीसजणींचाच.

मी प्रस्ताव दिला. समितीने तो नाकारला. कारण साधं होतं, प्रत्येक मजल्यावर सहा खाटा कमी होणार होत्या. ‘सहा खाटा म्हणजे सहा मुलींचं शिक्षण’ असं एक सदस्य म्हणाले, आणि त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर मी माझ्या वह्या काढून मोजलं. त्या इमारतीच्या प्रत्येक मजल्यावरून जवळपास दर वर्षी सहामाहीनंतर सहा-सात मुली वसतिगृह सोडून बाहेर भाड्याने राहायला जात होत्या. प्रवेश संपलेले असल्याने त्यांच्या खाटा वर्ष संपेपर्यंत रिकाम्याच राहायच्या. ज्या सहा खाटा वाचवायच्या म्हणून बसायची जागा केली नाही, त्या आम्ही तशाही गमावत होतो. हा हिशेब मी लेखी दिला. तो फायलीत लागला.

भिंती पाडता येईनात तेव्हा हाताशी होतं ते केलं. पाण्याचा कूलर आणि नोटीस बोर्ड बाथरूमच्या टोकाला होते, ते पॅसेजच्या मध्यावर आणले. पाच-पाच खोल्यांचा एक गट केला, प्रत्येक गटात वरच्या वर्गातली एक मुलगी नेमली आणि हजेरीचं पान गटागटाने वेगळं केलं. दहा नावांत कोरी जागा लगेच दिसते. कूलरजवळ दोन बाकं ठेवली. फरक पडला. बाकांवर रात्री आवाज यायला लागले, आणि मला ते आवाज फार आवडायचे. पण पुढच्या अग्निशमन तपासणीत बाकं उचलायला सांगितली. पॅसेज ही आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट आहे, तिथे काहीही ठेवायचं नाही. तपासणी करणाऱ्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, मी त्याच दिवशी बाकं काढली. पण तेव्हा पक्कं लक्षात आलं की माणसांनी भेटायची जागा नंतर बाकं टाकून होत नसते. ती नकाशातच असावी लागते.

नकाशात ती कशी आणायची, याची वाईट आणि चांगली उदाहरणं जगापुढे आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बारा इथल्या शाखेत चार्ली मंगर या अब्जाधीश देणगीदाराच्या आराखड्यावरून सुमारे ४,५०० विद्यार्थ्यांची एकच अजस्र इमारत ठरली होती. बहुतेक खोल्यांना खिडकीच नव्हती, तिच्या जागी कृत्रिम उजेड. खोली छोटी आणि बंद असली की मुलं आपोआप सामाईक जागेत येतील, असा त्यामागचा विचार. विद्यापीठाच्या आराखडा समितीवरचे वास्तुविशारद डेनिस मॅकफॅडन यांनी २०२१ मध्ये याच्या निषेधार्थ राजीनामा दिला, आणि २०२३ मध्ये विद्यापीठाने तो आराखडा सोडला. खोलीत कोंडमारा केला म्हणून कुणी आनंदाने बाहेर येत नाही. कोपनहेगनच्या टिटगेन वसतिगृहात याच्या उलट केलं. गोल इमारत, मध्ये मोकळं अंगण, एकूण ३६० खोल्या, आणि बारा-बारा खोल्यांच्या गटाला एक स्वयंपाकघर आणि बैठक. खोल्यांच्या खिडक्या बाहेर उघडतात, सामाईक जागा अंगणाकडे. आमच्या जुन्या इमारतीतही जिन्याच्या एका मजल्यावर बाराचजणी होत्या. ती बांधणाऱ्याने यातलं काही वाचलं असेल असं वाटत नाही, पण त्याला माणसं कळत होती.

म्हणून आपल्या वार्ताहरांना माझी विनंती आहे. नव्या वसतिगृहाची बातमी करताना खाटांच्या आकड्यावर थांबू नका. एका पॅसेजवर किती जण, एका बाथरूममागे किती जण, जिन्यापासून सर्वांत लांबची खोली किती दारांपलीकडे, बसायची जागा पॅसेज सोडून कुठे आहे, हे विचारा. पालकांनीही मुलाला सोडायला जाल तेव्हा खोलीतला पंखा आणि गादी बघून झाली की पॅसेजमध्ये दोन मिनिटं उभं राहा. आणि टोकाची खोली पहिल्या वर्षाच्या मुलाला मिळाली असेल, तर रेक्टरांना तिथेच सांगा की मधली द्या. मी असते तर ऐकलं असतं, म्हणजे त्या तापानंतर तरी नक्की ऐकलं असतं.

माझ्या जागी आलेल्या बाईंना मी त्या मजल्याचा नकाशा देऊन आले आहे. मधल्या तीन खोल्यांवर पेन्सिलीने खूण केलेली आहे आणि मागच्या बाजूला रिकाम्या राहिलेल्या खाटांचा वर्षावार हिशेब आहे. पुढच्या बैठकीत त्या तो पुन्हा मांडणार आहेत.

आपली,
एक निवृत्त रेक्टर