टर्मिनल ब्लॉकवर ग्राउंड आणि सेन्सच्या खुणा उलट छापल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: डेटा ॲक्विझिशन कार्डसोबत दिलेल्या टर्मिनल ब्लॉकवरील चुकीची छपाई, आणि त्यापोटी आकारलेले व्हिजिट चार्जेस परत मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्याकडून घेतलेले सोळा चॅनलचे डेटा ॲक्विझिशन कार्ड (सेन्सरचे व्होल्टेज मोजून संगणकाला देणारे), 68 पिनांची केबल आणि सेन्सरच्या वायर कसायचा स्क्रूचा टर्मिनल ब्लॉक मी नाशिकला अंबड एमआयडीसीतल्या माझ्या गाळ्यात वापरतो. कार्डाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार टर्मिनल ब्लॉकची आहे, आणि त्याहून जास्त, दोष कळवल्यावर आपल्या माणसांनी जी उत्तरे दिली त्यांची आहे.

माझे काम द्राक्षांच्या प्रीकूलिंग (माल साठवणीआधी थंड करण्याच्या) खोल्या आणि कोल्ड स्टोरेजमधले तापमान तपासून देण्याचे. निफाड, पिंपळगाव, दिंडोरीकडचे निर्यातदार हंगामात ही कामे देतात. खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यांत आणि पेट्यांच्या थप्पीत टी टाइपचे थर्मोकपल (तापमानाप्रमाणे बारीकसे व्होल्टेज देणारे दोन धातूंच्या तारांचे सेन्सर) सोडायचे आणि कुठे थंडावा कमी पोहोचतो ते शोधायचे. माल शून्य अंशाच्या आसपास ठेवायचा असतो. फार खाली गेले तर मणी गोठतात, वर राहिले तर देठ सुकून तपकिरी पडतात. तिथे एका अंशाची चूकही शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांवर बसते.

माझे थर्मोकपल कुठेही जमिनीला जोडलेले नसतात, म्हणून आपल्याच पुस्तिकेप्रमाणे मी डिफरन्शियल जोडणी, म्हणजे दोन वायरींमधला फरक मोजणारी जोडणी, केली. चॅनल शून्यची प्लस वायर शून्यच्या स्क्रूत, मायनस आठच्या स्क्रूत, एकची जोडी नऊशी, अशी पुढे. प्रत्येक मायनसपासून ॲनालॉग ग्राउंडपर्यंत (कार्डाचा शून्य व्होल्टचा बिंदू) 100 किलोओहमचा रेझिस्टर. हा रेझिस्टर शोभेचा नाही. कार्डाच्या ॲम्प्लिफायरला इनपुटमधून अगदी बारीकसा करंट लागतो आणि त्याला परतीची वाट द्यावी लागते. ती नसेल तर इनपुटचे व्होल्टेज हळूहळू सरकत मर्यादेबाहेर जाते आणि शेजारच्या चॅनलचे आकडेही एकमेकांत मिसळायला लागतात.

माझ्याकडे नेमके हेच होत होते. सुरुवातीला आकडा बरोबर यायचा, मग तरंगत जायचा आणि शेवटी टोकाला जाऊन अडकायचा.

आपल्या सेवा प्रतिनिधींनी येऊन ‘तुमचे अर्थिंग खराब आहे’ असे सांगितले, पावती फाडली आणि तक्रार बंद केली. मी इलेक्ट्रिशियनकडून अर्थ पिट तपासून घेतला, तो ठीक निघाला. तो अहवालही आपल्याला पाठवला. त्यानंतर फोनवर सल्ला मिळाला की रेंज वाढवून उणे-अधिक 10 व्होल्ट करा, म्हणजे आकडा अडकणार नाही. हा सल्ला देणाऱ्याने गणित केलेले नाही. 16 बिटांच्या कार्डात 20 व्होल्टचे 65,536 भाग पडतात, म्हणजे एक पायरी सुमारे 0.3 मिलिव्होल्टची. टी टाइप थर्मोकपल शून्याजवळ एका अंशाला जेमतेम 0.04 मिलिव्होल्ट देतो. म्हणजे एका पायरीत साडेसात-आठ अंश जातात! त्या रेंजवर शीतगृहाचे तापमान मोजून मी निर्यातदाराला काय सांगायचे?

शेवटी थर्मोकपल काढून एका चॅनलचे प्लस-मायनस तारेच्या तुकड्याने शॉर्ट केले. बाहेरची एकही वायर नाही, त्यामुळे खोलीचा, कॉम्प्रेसरचा संबंधच उरला नाही. आकडा शून्यावर थांबायला हवा होता. तरी तो सरकला. मग रेझिस्टरचे दुसरे टोक ‘ग्राउंड’ छापलेल्या स्क्रूतून काढून शेजारच्या ‘सेन्स’ छापलेल्या स्क्रूत घातले. आकडा जागच्या जागी थांबला.

केबल कार्डातून काढून मल्टीमीटरने तपासले तेव्हा उलगडा झाला. ‘ग्राउंड’ छापलेला स्क्रू कनेक्टरच्या सेन्स पिनेवर बीप देतो, पुस्तिकेत ग्राउंड म्हणून दाखवलेल्या एकाही पिनेवर देत नाही. ‘सेन्स’ छापलेला स्क्रू ग्राउंडच्या पिनेवर बीप देतो. दोन्ही खुणांची अदलाबदल झाली आहे. सेन्स ही पिन फक्त व्होल्टेज पाहणारी, ती करंटला परतीची वाट देत नाही. म्हणजे माझे सगळे रेझिस्टर कुठेच न जाणाऱ्या टोकाला बांधलेले होते.

आणखी एक. ब्लॉकवरच्या तापमान सेन्सरचा स्विच कारखान्यातूनच चालू स्थितीत येतो आणि तो चॅनल शून्य अडवून बसतो. जोडणीच्या कागदावर याचा उल्लेख नाही. हे छापायला एक ओळ पुरे.

या सगळ्यात ऐन हंगामातली कामे हातची गेली. माझ्या शब्दावर विसंबून खोल्या राखून ठेवणाऱ्यांना मला नाही म्हणावे लागले, याचे दुःख पैशांपेक्षा मोठे आहे.

आपण खुणा बरोबर असलेला नवा ब्लॉक द्यावा आणि व्हिजिट चार्जेस परत करावेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, याच लॉटचे ब्लॉक घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला लेखी कळवावे. कोणी त्यावर भट्टीचे तापमान मोजत असेल, कोणी प्रेशर; आकडा चुकतोय हे त्यांना कळलेलेही नसेल. ‘अर्थिंग खराब’ हा शेरा माझ्या तक्रारीच्या नोंदीतून काढावा, कारण तो खोटा आहे.

हे कार्ड मी स्वयंरोजगारासाठी, चरितार्थाचे साधन म्हणून घेतले आहे. त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे मी ग्राहक ठरतो. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

बिल, वॉरंटी कार्ड, व्हिजिटची पावती, अर्थिंगचा अहवाल आणि मल्टीमीटर लावलेल्या पिनांचे फोटो सोबत जोडले आहेत. तपासायला माणूस पाठवणार असाल तर आधी कळवावे. केबल कार्डाला जोडलेली असली की कार्डातले सर्किट मध्ये येते आणि मोजमाप फसते, म्हणून मी चालू काम थांबवून ती मोकळी करून ठेवीन.

आपला,
एक ग्राहक
अंबड, नाशिक