गुलमर्ग, पण मार्चमध्ये

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

पुण्यातल्या पुण्यात, बाणेरहून मॉडेल कॉलनीत पत्र म्हणजे तुम्हाला हसूच येईल. पण हा विषय फोनवर काढला की बाबा "हं, आईशी बोल" म्हणून फोन देऊन टाकतात आणि आई मला भाजी काय केली ते विचारते. म्हणून डब्यासोबत कागद पाठवतेय. आधी पत्र वाचा, मग डबा उघडा.

जानेवारीची गुलमर्गची तिकिटं मी परवा रद्द केली. मार्चच्या तिसऱ्या आठवड्याची काढली आहेत, आपल्या चौघांची. पैसे किती कापले ते विचारू नका.

आधी विचारायला हवं होतं, कळतंय मला. पण विचारलं असतं तर बाबांनी विंडी हे हवामानाचं अ‍ॅप उघडून दाखवलं असतं, भूमध्य समुद्राकडून कुठला झंझावात निघालाय, तो इराण, अफगाणिस्तान ओलांडून कधी पोचेल, आणि चिल्लई कलानच्या, म्हणजे काश्मिरातल्या कडाक्याच्या थंडीच्या चाळीस दिवसांत नेमका आपल्या तारखांना कसा बसतोय. आणि मी गप्प झाले असते. चाळीस वर्षं सिमला ऑफिसात, म्हणजे पुण्याच्या वेधशाळेत काढलेल्या माणसाशी हवामानावर वाद घालायची माझी प्राज्ञा नाही.

डॉक्टर 'जाऊ नका' म्हणाले नाहीत, हेही खरं. "जपून जा" म्हणाले. तेव्हा त्यांच्यावर ढकलत नाही, हा निर्णय माझा. दादाला फोन केला होता, तो म्हणाला तुला योग्य वाटेल ते कर. तो नेहमी तेच म्हणतो.

कारण सांगते. सप्टेंबरच्या त्या रात्री घरातून निघून हॉस्पिटलच्या दारात पोचायला आपल्याला अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ बघत होते. गुलमर्गहून खाली टंगमर्गपर्यंत तेरा किलोमीटर घाट आहे. बर्फ जोरात पडला की चाकांना साखळ्या लावल्याशिवाय गाडी सोडत नाहीत, कधी रस्ताच बंद ठेवतात. म्हणजे बाबा, तुम्हाला हवी तशी रात्र मिळाली की नेमका तेव्हाच आपल्याला खाली उतरता येणार नाही. रोज रात्री ते अंदाज मीही बघायचे. तुम्ही पडू दे म्हणत असणार आणि मी इकडे नको म्हणत होते. त्यात २६५० मीटर उंची. पुण्यात साडेनऊशे मिलिबारच्या घरात असणारा हवेचा दाब तिथं साडेसातशेच्याही खाली. हे मी तुम्हाला शिकवावं म्हणजे कमालच.

तुम्ही म्हणाल, मार्चमध्ये काय उंची कमी होते? नाही होत. पण मुक्काम श्रीनगरला ठेवलाय, सोळाशे मीटरच्या आत. गुलमर्गला फक्त दिवसा, ऊन चढल्यावर जायचं आणि तीनच्या आत खाली. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा नाही. तो अफरवाट शिखराकडे चार हजार मीटरच्या जवळ नेतो, त्यामुळे तो विषय काढूच नका. खोली तळमजल्यावर आहे, कमोड आहे, गरम पाणी चोवीस तास, गादीवर इलेक्ट्रिक ब्लँकेट. विमानतळावर दोघांनाही व्हीलचेअर सांगितली आहे. आई, तू "मला कशाला" म्हणू नकोस, तुझा गुडघा मी बघितलाय. सकाळचा चहा तुझ्याच पद्धतीचा मिळेल, छोटी किटली आणि गवती चहा मी बरोबर घेतेय. मेतकूट तू घे.

आता जे लिहायचं टाळत होते ते. मला माहितीये बाबा, तुम्हाला पडलेला बर्फ बघायचा नाहीये, पडताना बघायचाय. मार्चमध्ये गुलमर्गला जमिनीवर भरपूर असतो, पण डोळ्यांसमोर पडेलच असं कुणी सांगू शकत नाही. तुमच्याकडून तेवढं मी काढून घेतलंय. आणि हे दुसऱ्यांदा होतंय. १९८७ ची श्रीनगरच्या बदलीची ऑर्डर तुम्ही कुणासाठी परत केली, ते घरात कुणी बोलत नाही. पण ट्रंकेतला तो तिबेटी स्टॉलवरून घेतलेला कोट डांबरगोळ्यांसकट दर डिसेंबरला उन्हात पडतो, तो मी लहानपणापासून बघतेय. यंदाही घातलात ना वाळत? आईनं हळू आवाजात सांगितलं.

आठवतं, मी चौथीत असताना तुम्ही फ्रीज डीफ्रॉस्ट करत होतात आणि खरवडलेला पांढरा भुगा माझ्या तळहातावर ठेवून म्हणालात, "हे घे काश्मीर." मी ते पळत आजीला दाखवायला गेले, तर तिच्यापर्यंत नुसतं पाणी पोचलं. मी रडले. तुम्ही मला पुन्हा फ्रीजपाशी नेऊन समजावलंत की आकाशातला बर्फही असाच होतो, थेंब गोठून नव्हे, थेट वाफेतून कण वाढत जातो. वर्गात मी हे सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, नीट वाच. मी मात्र अजून तुमचंच खरं मानते.

आणि आईचा अंदाज! तुम्ही गॅलरीतला थर्मामीटर वाचून यायच्या आत ती खोबरेल तेलाची बाटली उलटी करून सांगायची, "गोठलंय, माकडटोपी काढा." तुम्ही म्हणायचात, ते चोविसालाच गोठतं, त्याला काय थंडी म्हणतात, १९३५ साली शिवाजीनगरला १.७ होतं! टोपी मात्र निमूट घालायचात.

तुमचा तो विनोद मी बाणेरमध्ये सगळ्यांना सांगते. १९२८ साली ऑफिस सिमल्याहून पुण्याला आलं, नाव घेऊन आलं, बर्फ तेवढा तिथंच विसरलं. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग महिनाभर कोरडं राहिलं तेव्हा तुमचा चेहरा असा होता, जणू घरातलंच कुणी आजारी आहे. महिना सरता सरता पडला, तर लगेच दुसरी काळजी. हवामान खात्याच्या पहिल्या प्रमुखानं, ब्लॅनफर्डसाहेबानं, १८८४ सालीच लिहून ठेवलंय, हिमालयात बर्फ जास्त तर इकडे पाऊस कमी, आता खडकवासल्याचं कसं होणार! तुम्हाला खूश ठेवणं हवेलाही जमायचं नाही.

तर आता मुकाट्यानं ऐका. सकाळचं फिरणं सात वाजून ऊन येईपर्यंत बंद. पाषाणच्या बाजूला तर नाहीच, तिकडे गारवा जास्त हे तुम्हीच सांगता. रात्री दोनला उठून मोबाईल बघायचा नाही. श्रीनगरच्या तापमानातून साडेसहा अंश वजा करून गुलमर्गचं काढत बसायचं असेल तर सकाळी, चहा झाल्यावर. बी.पी. रोज वहीत, किमान तापमानाच्या शेजारच्या रकान्यात. पूर्वी पावसाची नोंद चुकली नाही, मग ही का चुकते? आई, तू लाडू वळायला खाली बसू नकोस, टेबलावर परात घे. खोलीत शेगडी पेटवून दार लावायचं नाही, दोघांनीही.

तुम्ही थकलात म्हणून नाही हं हे सगळं. मला झोप लागत नाही म्हणून.

डबा रिकामा पाठवू नये म्हणून चिक्की घातली आहे. बाबांनी एकच वडी खायची.

रागावला असाल तर रविवारी समोरासमोर रागवा, मी जेवायला येतेय.

तुमची,
चिमी

ता. क. कोट बरोबर घ्या. मार्चमध्येही एखादा झंझावात येतो हे मला कुणी सांगायला नको, मीही तुमचीच मुलगी आहे. वर असताना भुरभुरायला लागलंच, तर ड्रायव्हरला सांगून गाडी बाजूला घेऊ आणि दहा मिनिटं खाली उतरून उभे राहू. टोपी काढायची नाही.