गाठीशेजारचे पांढरे ठिपके

माननीय आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. कर्करोगाच्या रुग्णांचे छातीचे सीटी स्कॅन वाचणे हे माझे रोजचे काम. गाठ किती मिलिमीटरची झाली, लसिकाग्रंथी सुजल्या आहेत का, यकृतात काही उतरले आहे का, हे सगळे मी लिहितो. त्याच स्कॅनमध्ये हृदयाच्या धमन्यांत कधी कधी चुन्यासारखे पांढरे ठिपके चमकतात. तेही मला दिसतात. पण बरीच वर्षे मी ते रिपोर्टमध्ये लिहीत नव्हतो. कुणी विचारलेच नव्हते!

हे ठिपके म्हणजे धमनीच्या भिंतीत साचलेले कॅल्शियम, हृदयविकाराच्या धोक्याची खूण. ते मोजण्याची पद्धत ॲगॅट्स्टन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दिली. अचूक आकड्यासाठी हृदयाच्या ठोक्यांशी जुळवलेला वेगळा स्कॅन लागतो, हे खरे. पण फुफ्फुसासाठी काढलेल्या साध्या सीटीवर, रेडिएशनची आखणी करताना काढलेल्या सीटीवर किंवा पेट-सीटीवरही (शरीरभर कर्करोग शोधणाऱ्या स्कॅनवरही) कॅल्शियम 'नाही', 'थोडे', 'मध्यम' की 'पुष्कळ', एवढे सांगता येते. नवा खर्च नाही, शरीरात जादा किरणोत्सर्ग नाही.

कर्करोगाच्या रुग्णाला याची गरज जास्तच आहे. स्तनाच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेतलेल्या स्वीडन आणि डेन्मार्कमधील स्त्रियांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयाला बसणारा सरासरी डोस दर एक ग्रेने (ग्रे हे रेडिएशन मोजण्याचे एकक) वाढला की हृदयविकाराच्या गंभीर घटना ७.४ टक्क्यांनी वाढतात, असे त्यात आढळले. डॉक्सोरुबिसिन आणि ट्रास्टुझुमॅब ही कर्करोगावरची औषधे हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतात, ते वेगळेच. म्हणजे ज्या हृदयावर आम्ही भार टाकणार, त्याच्या धमन्या कशा आहेत हे पडद्यावर दिसत असूनही आम्ही गप्प बसतो.

काही सहकारी म्हणतात, आधीच घाबरलेल्या माणसाला आणखी एक भीती कशाला? ज्याच्या हाती थोडेच महिने उरले आहेत, त्याच्या बाबतीत मलाही हे पटते. पण कर्करोगातून बरा होऊन वीस वर्षे जगणाऱ्याचे काय? स्टॅनफर्डच्या एका चाचणीत जुन्या स्कॅनमधले कॅल्शियम रुग्णाला आणि त्याच्या डॉक्टरांना कळवले, तेव्हा सहा महिन्यांत ५१.२ टक्के रुग्णांना स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध, सुरू झाले. ज्यांना कळवले नाही त्यांच्यात हे प्रमाण ६.९ टक्के होते.

कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिले जाणारे औषध, ज्याने रक्तवाहिन्या स्कॅनवर उठून दिसतात) न देता काढलेल्या छातीच्या प्रत्येक सीटीच्या रिपोर्टमध्ये याची नोंद असावी, असे या क्षेत्रातल्या दोन व्यावसायिक संघटनांनी २०१६ मध्येच सांगितले आहे. आपल्या खात्याने ती सक्तीची करावी, एवढेच मागणे आहे. मात्र ती नोंद कोण वाचणार, हेही ठरवावे लागेल. कर्करोगतज्ज्ञ गाठीचे वाचून पान उलटतात आणि हृदयरोगतज्ज्ञांपर्यंत रिपोर्ट जातच नाही.

आपला,
एक रेडिओलॉजिस्ट

ता. क. या नोंदीच्या मजकुराचा मसुदा असा: 'हृदयधमन्यांतील कॅल्शियम: नाही / थोडे / मध्यम / पुष्कळ. आधीचा स्टेंट: आहे / नाही. रुग्णाला कळवले: होय / नाही.'