दोरीवरची कार्डं

ठाणे,
मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

चि. निनाद यास अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन ठेवताना तू म्हणालास, "आई, प्लीज, आता कशालाच हात लावू नकोस." लावलेला नाही. हॉलमधला कॉम्प्युटर तेव्हापासून बंद आहे आणि बाबांनी त्यावर टॉवेल टाकून ठेवलाय, ग्रहण लागल्यासारखा. काल तुझा "मिळालं सगळं" असा मेसेज आला तेव्हा कुकर लावला होता; तीनच्या सात शिट्ट्या झाल्या, भाताची पेज झाली. तर आता त्या विषयावर लिहायचं काही कारण नाही. आत्याचा गुडघा आणि गणपतीत तू किती दिवस येणार, एवढंच लिहायला बसले होते.

पण एकदा माझी बाजू सांगते आणि संपवते.

शनिवारी जेवताना तूच म्हणालास की झोटेरोची, म्हणजे तुझे लेख आणि संदर्भ सांभाळणाऱ्या त्या प्रोग्रॅमची, फुकटातली ३०० एमबी जागा भरली. नोंदी जातात पण पीडीएफ जात नाहीत, लॅबमधल्या मशीनवर नाव दिसतं आणि फाइल उघडत नाही. तू रात्री कोकणकन्येत बसलास, इकडे मला झोप येईना, आणि तुझं झोटेरो इथे उघडंच होतं. बघते तर खारफुटीच्या गाळावरचा एकच लेख तीन-तीनदा! चौतीस वर्षं ग्रंथालयात काढलेल्या बाईला हे बघवतं का? आम्ही दुबार प्रती बाद करायचो, शिक्का मारायचो, विषय संपला. तसंच केलं. वरची ठेवली, खालच्या दोन काढल्या. पहाटेपर्यंत एकशे बारा काढल्या. कचऱ्यातल्या फाइलीही जागा खातात असं कळलं म्हणून कचराही रिकामा केला. नसता केला तर महिनाभर तिथेच पडून राहिल्या असत्या. सकाळी मडगावला उतरून तू लॅपटॉप उघडलास आणि तिथूनही त्या गेल्या.

एका कपाटातलं पुस्तक काढलं म्हणून दुसऱ्या कपाटातलं नाहीसं होतं, हे मला खरंच माहीत नव्हतं रे.

आणि तुझ्या पिवळ्या खुणा नेमक्या खालच्या प्रतींवर होत्या हे तरी कुठे माहीत होतं! त्या खुणा पीडीएफच्या आत नसतात, झोटेरो त्या स्वतःजवळ लिहून ठेवतो, फाइल काढली की त्याही जातात, हे तू ओरडून सांगितलंस. दुबार नोंदी पुसायच्या नसतात, एकमेकींत मिसळायच्या, म्हणजे वर्डमधल्या संदर्भांचा धागा तुटत नाही, हेही तेव्हाच. तुझं बरोबर होतं. ओरडणं सोडून.

एक मात्र मानलं तुला. लॅबचं मशीन गुरुवारपासून बंद होतं हे तुला त्या रागातही आठवलं, आणि ते सुरू करण्याआधी तू नेटची वायर उपटलीस. वायर तशीच राहिली असती तर तेही मुकाट्यानं मी सांगितलेलं पुसून मोकळं झालं असतं. हे मी बाबांना दोनदा आणि वरच्या काकूंना एकदा सांगितलं. काकूंना त्यातलं काही कळलं नाही, पण "हुशार आहे हो" म्हणाल्या. मुलगा करतो काय असं कोणी विचारलं की मी अजून "खाडीचा चिखल तपासतो" असंच सांगते. २०२२ मध्ये आपली खाडी रामसर यादीत, जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेली त्या दिवशी मात्र मी सोसायटीच्या ग्रुपवर तुझा गमबूट घातलेला फोटो टाकला होता. तू काढायला लावलास.

पण निनाद, मशीन बंद होतं म्हणून वाचलास. सुरू असतं तर?

तीन कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले म्हणजे तीन प्रती नव्हेत. ती एकच प्रत, तीन खिडक्यांतून दिसणारी. एक प्रत कशालाच न जोडलेली हवी. आणि फोनवर म्हणालास तसं झोटेरोचं अख्खं फोल्डर इंटरनेटवरच्या ड्राइव्हमध्ये टाकू नकोस. झोटेरो.एसक्यूलाइट ही त्यातली फाइल म्हणजे आमची दाखल नोंदवही. ती उघडी असताना ड्राइव्ह तिची नक्कल करायला जातो आणि ती बिघडू शकते. झोटेरोवालेच नको म्हणतात. पीडीएफ ड्राइव्हवर ठेवून झोटेरोत नुसता दुवा जोडलास तर चालतं. हार्ड डिस्कवर प्रत घेताना आधी झोटेरो बंद कर, मग फोल्डर सगळंच्या सगळं घे. स्टोरेजमध्ये आठ-आठ अक्षरांच्या अगम्य नावांची फोल्डरं आहेत, त्यांना हौसेनं बरी नावं द्यायला जाऊ नकोस. मला रविवारी द्यावीशी वाटली होती. दिली नाहीत.

झाली माझी शाळा सुरू. माफ कर. ज्यानं निस्तरलं त्यालाच शिकवतेय.

तुला चेंदणीची खोली आठवते का? २६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला हे नंतर कळलं. आमचं माप पलंगाची फळी. पलंगाखाली बुटांच्या खोक्यांत माझी सूची होती, ठाण्यातून निघालेल्या जुन्या वृत्तपत्रांची, 'अरुणोदय'पासून. पाच बाय तीनची कार्डं. १८९३ सालच्या आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात सहा वर्षं रविवारी रविवारी बसून लिहिलेली. प्रत्येक नोंदीची दोन कार्डं, एक लेखकाचं, एक विषयाचं. दोन प्रती होत्या रे. दोन्ही एकाच पलंगाखाली.

माईच्या गॅलरीत दोरी बांधून तू एकेक कार्ड चिमट्याला लावत होतास. आठ वर्षांचा होतास. सगळी निळी झालेली, तरी मला विचारून विचारून अक्षरं लावत होतास, "हा अ आहे ना? मग हा आधी." बॉलपेननं लिहिलेली तेवढी वाचता आली. मी शाईपेनवाली. संध्याकाळी म्हणालास, "आई, परत लिहूया?" मी म्हटलं, दिवाळीनंतर. कुठली दिवाळी ते काही ठरलं नाही.

रविवारी फोनवर तुझा आवाज फुटला ना, तेव्हा मला ती दोरीच दिसली. पुढचं मला नीट ऐकूही आलं नाही, म्हणून मी गप्प होते. रागानं नाही.

आत्याचा गुडघा बरा आहे. जिना चढते, उतरताना कण्हते.

मिलूकाका शुक्रवारी येतोय, कोकणकन्येनंच. त्याच्याबरोबर एक टीबीची हार्ड डिस्क पाठवतेय. बाबांनी आणली, बिल आत आहे. महिन्यातून एकदा प्रत घे आणि तिची वायर काढून ठेव. लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नकोस, खोलीवर ठेव. नाहीतर गणपतीत येताना इकडे घेऊन ये, माळ्यावर ठेवीन. आपण आता चौथ्या मजल्यावर आहोत.

झोटेरोचा पासवर्ड बदल. मला सांगू नकोस.

डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लाडवांच्या डब्याखाली ठेवली आहे. आधी ती बाहेर काढ, मग डबा उघड. तूप जरा जास्त झालंय.

तुझी,
आई