आमच्या परळच्या डॉक्टरकाकांना, मंडळातर्फे थँक्यू

डॉक्टरकाका, नमस्कार. फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं" करून फोन ठेवता, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितेय.

आपल्या मंडळाने यंदा डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर देखावा करायचं ठरवलं तेव्हा पोरांना तोफा, धूर आणि दणदणीत साऊंड हवा होता. माणूस सोलापूरचा, शिकला इथेच जी. एस. मेडिकलला, १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून मुंबईहून बोटीने चीनला गेला, जपानशी लढणाऱ्या सैनिकांवर उपचार करत राहिला आणि ९ डिसेंबर १९४२ ला फिट्सच्या आजाराने तिकडेच गेला, वय फक्त ३२. एवढं नेटवर कोणालाही मिळतं हो.

पण तुम्ही बार्शीतून केईएमला आलात, ७१ च्या लढाईत आर्मीत डॉक्टर होतात, मग परत बार्शीला दवाखाना टाकलात, हे बिल्डिंगमध्ये कोणाला धड माहीतच नव्हतं (बोलाल तर शपथ!). तुम्ही सांगितलंत की गोळीची जखम लगेच शिवायची नाही, मेलेलं मांस, माती, कपड्याच्या चिंध्या काढून उघडीच ठेवायची, चार-पाच दिवसांनी स्वच्छ दिसली तरच टाके, नाहीतर आत सडून पाय जातो, प्रसंगी माणूसही. आणि जखमींची रांग लागली की ओरडणाऱ्याच्या आधी गप्प पडलेल्याकडे बघायचं. आमचा डेकोरेशनवाला पुठ्ठा कापायचं थांबून ऐकत होता.

कोटणीसांनी एका लढाईत सलग ७२ तास ऑपरेशनं केली असं सांगतात, पोरं त्यावरच फिदा. तुम्ही विचारलंत, "आणि पाणी कोण उकळत होतं? कंदील कोणी धरला?" झालं, तिथेच देखावा बदलला. तोफा कटाप, मध्ये टेबल, बाजूला पट्ट्या धुणारी माणसं, कंदीलवाला पोरगा, आणि नर्स कुओ छिंगलान, ज्यांच्याशी पुढे कोटणीसांनी लग्न केलं. साऊंडचे पैसे वाचले ते वेगळंच. पट्टी गुंडाळायची पद्धतसुद्धा तुम्ही पोरांकडून घोटून घेतलीत, त्यामुळे ड्युटी सुटल्यावर बघायला आलेल्या नर्सेसनी एकही खोट काढली नाही, आणि काका, त्या सोडत नाहीत!

रविवारी जमाखर्चाची मीटिंग आहे, बोअर होईल, तरी या. लिफ्ट बंदच आहे अजून, म्हणून यावेळी खाली पॅसेजमध्येच बसतोय.