सेंमी कुठून कुठं मोजले तेवढं तरी सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत झाडावर राहणाऱ्या पाळीव टॅरंटुलांवर, म्हणजे त्या मोठ्या केसाळ कोळ्यांवर, अख्खं पान आलंय, रंगीत फोटो, शेजारी आकड्यांचा तक्ता, आमच्या घरातल्या पोरांनी ते कापून भिंतीवर चिकटवलंय सुद्धा. विषय चांगला घेतला, त्याबद्दल तक्रार नाही. पण तक्त्यात एका कोळ्यापुढं ७ सेंमी लिहिलंय आणि दुसऱ्यापुढं १८ सेंमी, आणि खाली लिहिलंय की दुसरा पहिल्याच्या अडीचपट मोठा. अहो पहिल्याचं नुसतं धड मोजलंय, आणि दुसऱ्याचे पाय धरून मोजलंय! दोघांचं धड शेजारी ठेवलं तर फरक बोटाच्या पेराएवढा पण निघायचा नाही.

हे कोळी पाळणारे लोक माप कसं घेतात ते सांगतो, कारण माझा भाचा नेदरलँडला असतो आणि त्याच्याकडं हे प्रकरण आहे, तिथं जाऊन डोळ्यानं बघितलंय. एका बाजूच्या पहिल्या पायाचं टोक ते दुसऱ्या बाजूच्या चौथ्या पायाचं टोक, असं तिरकं माप. जिवंत कोळी काय पट्टीवर पाय पसरून बसणार नाही, म्हणून त्यानं टाकलेली कात ओली करून मऊ करायची, पुठ्ठ्यावर एकेक पाय सरळ करून टाचण्या मारायच्या आणि मग मोजायचं. त्यात पण पाय जरा जास्तच ओढून दोनेक सेंमी वाढवणारे महाभाग आहेत, विकणारे तर हमखास. फोटोवरून माप धरायचं तर विसरूनच जा, कारण कॅमेरा जवळ नेला की सगळेच राक्षस दिसतात.

आता त्यातले आपल्याकडचे बघा. पोसिलोथेरिया म्हणून जो गट आहे तो भारत आणि श्रीलंकेतलाच. त्यातला रेगॅलिस पूर्व घाटात पण आहे आणि आपल्या सह्याद्रीत पण. भाच्याकडं त्याची मादी आहे, पायासकट १७-१८ सेंमी भरेल. बुचाच्या सालीच्या उभ्या नळकांड्याला चिकटून बसलेली, आणि मी त्या काचेच्या पेटीसमोर बराच वेळ उभा राहून विचारतोय कोळी कुठाय, कोळी कुठाय! करडा, पांढरा, काळा असा नक्षीचा अंगरखा, जुन्या झाडाच्या सालीवर दगडफूल धरतं अगदी तसा. भाच्यानं लांब चिमट्यानं जरा डिवचल्यावर तिनं पुढचे पाय वर केले आणि पायाच्या खालच्या बाजूला एकदम पिवळाधमक रंग, मधे काळे पट्टे. वरनं राख, खालनं हळद. पुरवणीत याला ‘मळकट रंगाचा’ म्हणून एका ओळीत उडवून लावलाय, ते बघून वाईट वाटलं.

निळ्याचं तर आणखीनच. मेटॅलिका, गुत्तीचा निळा कोळी. तुम्ही लिहिलंय ‘परदेशी जात’. अहो गुत्ती म्हणजे मुरारराव घोरपड्यांची गुत्ती, आंध्रातली! मिरजेहून गाडीत बसलं तर हुबळी, गदग, बळ्ळारी करत गुंतकल आणि त्याच्या पुढं गुत्ती, माझी सगळी नोकरी रेल्वेत गेली त्यामुळं हे मला पाठ आहे. आणि गंमत म्हणजे या कोळ्याचं रेल्वेशी नातं आहेच. पोकॉक नावाच्या इंग्रज अभ्यासकानं १८९९ साली त्याचं वर्णन छापलं, आणि तो नमुना सापडला होता गुत्तीच्या रेल्वेच्या लाकूड डेपोत. लाकडाबरोबर गाडीतनं आला असणार असं मानतात. पुढं शंभर वर्षं तो कुणाला दिसला नाही, २००१ मध्ये नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात परत सापडला. जगात फक्त आपल्या पूर्व घाटातच आहे, आणि अतिसंकटग्रस्त म्हणून नोंद आहे. ज्या जातीसाठी युरोप-अमेरिकेतले लोक पैसे मोजतात ती आपल्याच देशातली, आणि आपल्याच पेपरात ती परदेशी!

आकारानं म्हणाल तर तो तक्त्यात दाखवलाय तसा सगळ्यात मोठा मुळीच नाही. मोठी मादी साधारण १५ सेंमीच्या आसपास, क्वचित त्याच्या पुढं. केरळातला रुफिलाटा आणि श्रीलंकेतला ऑर्नाटा हे त्याच्यापेक्षा मोठे, २० सेंमीच्या घरात जाणारे, श्रीलंकेचाच राजाई, ज्याचं वर्णन २०१२ ला आलं, तो पण तेवढाच. पण त्यांचा रंग हिरवट, तपकिरी, करडा, मग फोटो कोण छापणार. निळा डोळ्यात भरतो म्हणून मोठा वाटतो, एवढंच. आणि तो निळा म्हणजे रंगद्रव्य नाहीये, केसांची बारीक रचनाच अशी असते की त्यावर उजेड पडला की निळा परततो. पिल्लू असताना तो एवढा खुलत नाही, वय वाढेल तसा चढतो.

अमेरिकेकडच्यांचं उलटंच असतं, आणि इथं पुरवणीची फारच मोठी गफलत झालीय. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावरचा व्हर्सिकलर, त्याची पिल्लं निळीभोर असतात आणि कात टाकत टाकत मोठी झाली की पुढचा भाग हिरवा, मागचं पोट तांबडं, पायावर जांभळट केस. तुम्ही पिल्लू आणि मोठा अशा दोन वेगळ्या जाती म्हणून शेजारी शेजारी छापलेत, एकाला ‘लहान जात’ आणि एकाला ‘मध्यम जात’!! गुलाबी बोटांचा अ‍ॅव्हिक्युलेरिया पण तसाच नाठाळ, लहानपणी पाय गुलाबी आणि टोकं काळी, मोठेपणी अंग काळं आणि टोकं तेवढी गुलाबी. हे सगळे १२ ते १५ सेंमीवाले, केसाळ, गुबगुबीत दिसणारे. (चिडले तर मागनं शी उडवतात, नेम पण बरा असतो, भाच्याच्या चष्म्याला विचारा.)

वजनाचा रकाना तर तक्त्यात नाहीच. गोलायथ म्हणून जो जमिनीवरचा दक्षिण अमेरिकन आहे तो पायासकट ३० सेंमीपर्यंत आणि वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास, तो कशाला झाडावर चढतोय. झाडावरच्यांचं अंग हलकं, चपटं, पाय लांब आणि पंजे रुंद, कारण सालीच्या फटीत घुसायचं असतं आणि पडायचं नसतं. म्हणून नुसत्या पायाच्या मापावर जमिनीवरचा आणि झाडावरचा यांची तुलना करून उपयोग नाही. शिवाय नर की मादी ते पण लिहायला पाहिजे, वयात आलेला नर किडकिडीत, नुसते पाय, आणि थोडंच जगतो. मादी भरदार आणि दहा-बारा वर्षं सहज काढते.

शेवटचं आणि जास्त काळजीचं. पानाच्या तळाला ‘घरी पाळायला सोपे’ अशी चौकट आहे त्यात पोसिलोथेरिया टाकलाय. तो वाऱ्यासारखा पळतो, अमेरिकन कोळ्यासारखे खाजरे केस त्याच्याकडं नाहीत म्हणून तो सरळ चावतो, जीव जात नाही पण स्नायूंत गोळे येतात आणि ते काही दिवस छळतात. आणि कायद्याचं काय? २०१९ पासून हा अख्खा गट साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि २०२२ च्या वन्यजीव कायद्याच्या दुरुस्तीनं साइट्समधल्या प्राण्यांसाठी वेगळी अनुसूचीच केलीय, नोंदणी केल्याशिवाय ठेवता येत नाही. नागपंचमीच्या नागावरून शिराळ्याला कोर्टापर्यंत काय काय झालं ते आपल्या जिल्ह्याला नव्यानं सांगायला नको. आमच्या गल्लीतलं एक पोरगं ती चौकट वाचून ‘काका कुरिअरनं येतो का’ विचारत होतं.

तर विनंती अशी की येत्या रविवारी तक्ता दुरुस्त करून छापा, धड वेगळं आणि पायासकट वेगळं, नर-मादी वेगळे, पिल्लाचा फोटो असेल तर खाली ‘पिल्लू’ असं लिहा, आणि ती चौकट मागे घ्या. गुत्ती आंध्रात आहे हे पण.

आपला,
एक निवृत्त रेल्वेवाला वाचक, मिरज